धार हळू, कॉक बंद

संडासातल्या जेटबद्दल विचारायला लोक संकोचतात, आणि एकदा विचारायला बसले की एकाच पत्रात सहा प्रश्न घालतात. म्हणून या वेळचं सगळं प्रश्नोत्तरांचं सदर त्यालाच दिलं आहे. भिंतीला अडकवलेला, खटका दाबला की फवारा सोडणारा तो जेट. दुकानात त्याला हेल्थ फॉसेट म्हणतात. सीटखाली बसवलेल्या किंवा वेगळ्या भांड्याच्या रूपातल्या साधनाला इथे बिडे म्हटलं आहे. पत्रं आखूड केली आहेत. नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत.

नव्या घरात कमोड आणि जेट आहे. सासूबाईंची सवय टमरेलाची. जेट वापरला की पाठ, कपडे, फरशी सगळं भिजतं, म्हणून त्या बादलीच मागतात. जेट वापरायची काही पद्धत असते का? (ठाणे)

असते, पण ती कोणी कोणाला सांगत नाही. पाणी उडण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: भिंतीतला अँगल कॉक (जेटच्या नळीला पाणी सोडणारा छोटा नळ) पूर्ण उघडा आणि खटका शेवटपर्यंत दाबलेला. धारेचा जोर खटक्यावर ठरवायचा नाही, कॉकवर ठरवायचा. जेटचं तोंड कमोडमध्ये धरा, खटका पूर्ण दाबून ठेवा आणि दुसऱ्या हाताने कॉक अगदी थोडा थोडा उघडत जा. धार वीतभर अंतरावरून पोचली पाहिजे, पण तळहातावर घेतली तर टोचता कामा नये. तेवढं जमलं की थांबा. कॉकची मूठ त्या वेळी जिथे असेल तिथे मूठ आणि टाइल या दोन्हींवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. सासूबाईंना रोज अंदाज घ्यावा लागणार नाही. ठिपक्याला ठिपका जुळवला की झालं.

आता बसण्याबद्दल. सीटवर पूर्ण मागे सरकून बसायचं, गुडघे थोडे फाकवायचे. जेट उजव्या हातात, धुणारा हात डावा. जेट समोरून, दोन मांड्यांच्या मधून आत न्यायचा आणि तोंड खाली व मागच्या बाजूला तिरकं धरायचं. जेटचं तोंड सीटच्या पातळीखाली गेल्याशिवाय खटका दाबायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी कपडे भिजणं थांबतं. पहिलं दोन-तीन सेकंदांचं पाणी कमोडमध्येच सोडून द्यावं, कारण ते नळीत साचलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी चटका बसेल इतकं तापतं, विदर्भातल्या वाचकांना हे सांगायला नको; तेव्हा आधी बोटावर धार घेऊन बघावी. मग दहा-पंधरा सेकंद धार आणि डाव्या हाताची बोटं, एवढ्याने काम होतं. पाणी निथळू द्यायचं, मऊ कापडाने किंवा टिश्यूने टिपायचं, पुसायचं नाही. शेवटी अँगल कॉक बंद करायचा, खटका कमोडमध्ये एकदा दाबून नळीतला दाब सोडायचा आणि जेट हुकाला लावायचा. नंतर साबणाने हात.

हूक कुठे आहे तेही बघा. धुणारा हात डावा असेल तर जेट उजव्या भिंतीवर हवा, जमिनीपासून साधारण २ फुटांवर आणि बसलेल्या माणसाच्या मांडीच्या रेषेत. बिल्डर मात्र पाइप जिथे सोयीचा पडेल तिथे तो लावतो; कित्येक घरांत जेट पाठीमागे असतो आणि म्हातारं माणूस त्यासाठी कंबर पिळतं. पाइप हलवायची गरज नाही. १ मीटरची नळी काढून दीड मीटरची लावा आणि हूक पुढे घ्या. बोटांत जोर कमी असेल तर बोटांनी आवळायच्या खटक्याऐवजी अंगठ्याने दाबायचा खटका असलेलं तोंड मिळतं, ते आणा.

एवढं करूनही सासूबाईंना टमरेलच बरं वाटलं तर राहू द्या. टमरेलाने स्वच्छता कमी होते असं अजिबात नाही. कमोडवर बसून मागून पाणी ओतताना तोल जातो, एवढाच त्याचा खरा तोटा आहे.

मला वर्षातून तीन-चार वेळा लघवीची जळजळ होते. आई म्हणते उन्हाळी लागली, डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन. जेटमुळे हे होत असेल का? चार वर्षांच्या मुलीला कसं शिकवू? (पुणे)

जेटमुळे होत नाही, पण जेट उलट्या दिशेने धरल्यामुळे होऊ शकतं. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचं तोंड गुदद्वारापासून फार दूर नसतं. लघवीच्या संसर्गाला बहुतेक वेळा कारणीभूत ठरणारा ई-कोलाय हा जंतू आतड्यातलाच असतो. मागून जेट धरून पुढच्या दिशेला धार मारली की मळ नेमका तिकडे ढकलला जातो जिथे तो जायला नको. म्हणून आधी पुढची जागा हलक्या धारेने धुवायची आणि मग मागची. धारही पुढून मागे आणि हातही पुढून मागे. एकदा मागे गेलेला हात परत पुढे आणायचा नाही. पुसतानाही हाच क्रम.

दुसरी गोष्ट, पाणी फक्त बाहेरून. योनीच्या आत धार मारून ‘साफ’ करायची गरज नसते. आतलं आम्लधर्मी वातावरण तिथले उपयोगी जीवाणू टिकवतात आणि बाकीच्यांना दूर ठेवतात. आतपर्यंत पाणी मारलं की ती घडी विस्कटते. पाळीच्या दिवसांतही हेच लागू.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा संसर्ग होत असेल तर ते डॉक्टरांनी नीट तपासण्यासारखं आहे. दर वेळी औषधाच्या दुकानातून आधीचीच गोळी आणण्याऐवजी लघवीचं कल्चर करून घ्या. ताप, थंडी किंवा कमरेच्या वर पाठीत दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

मुलीला सध्या जेट देऊ नका. तो तिच्या हातात मावत नाही आणि तिला खेळणं वाटतो. छोटा मग द्या, तुम्ही समोर बसा आणि ‘आधी पुढे, मग मागे’ हे रोज त्याच शब्दांत म्हणा. जेट सहा-सात वर्षांची झाल्यावर. तोवर कॉक बंद ठेवा, नाहीतर एखाद्या दुपारी छताला आंघोळ घातलेली दिसेल.

प्रत्येक वेळी साबण लावून स्वच्छ धुतो, तरी खाज जात नाही. आता ॲंटिसेप्टिक पाण्यात घालून बघू का? (नागपूर)

नको. खाज स्वच्छता कमी पडल्यामुळे नाही, जास्त झाल्यामुळे असण्याची शक्यता मोठी आहे. वडीचा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू ९-१० च्या घरात. त्वचेचा साडेपाचच्या आसपास. दिवसातून दोन-तीनदा साबण चोळला की त्या नाजूक त्वचेवरचं तेल निघून जातं, बारीक चिरा पडतात, खाज सुटते. माणसाला वाटतं नीट धुतलं गेलं नाही, म्हणून तो आणखी चोळतो. ॲंटिसेप्टिकने ही आग वाढेल. ओले सुगंधी वाइप्सही त्याच माळेतले.

तीन आठवडे साबण पूर्ण बंद करा. साधं पाणी, हळू धार, टिपून कोरडं. ओलसर राहिलेली त्वचा हे खाजेचं दुसरं मोठं कारण, त्यामुळे धुतल्यावर लगेच घट्ट नायलॉनची चड्डी नको. तिखट आणि चहा-कॉफी कमी करून फरक पडतो का तेही बघा. पातळ शौच किंवा थोडी गळती होत असेल तर कितीही धुतलं तरी खाज परत येणार. तिथे उपाय पोटावर करावा लागतो. आणि खाज रात्रीच जास्त असेल, घरातल्या मुलांनाही असेल, तर जंत आहेत का ते डॉक्टरांना विचारा. जंतांचं औषध घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी द्यावं लागतं, नाहीतर ते घरातल्या घरात फिरत राहतात.

फिशर झालं आहे. जेटची जोरात धार मारली की पोट साफ होतं असं कोणीतरी सांगितलं. करावं का? (सांगली)

अजिबात करू नये. फिशर म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर. तिच्यावर जोराची धार म्हणजे ओल्या जखमेवर पिचकारी. त्याशिवाय धारेच्या जोरावर शौच उतरवायची सवय लागली की आतड्याला स्वतःहून हलायचा आळस येतो.

तुम्हाला जेटपेक्षा टब उपयोगी. कमोडवर बसणारा प्लास्टिकचा सिट्झ बाथ टब मिळतो. त्यात कोपराला सोसवेल एवढं कोमट पाणी, ३८ ते ४० अंशांचं, घेऊन शौचानंतर १० ते १५ मिनिटं बसायचं. त्याने आवळलेला स्नायू सैल होतो आणि दुखणं उतरतं. पाण्यात मीठ, डेटॉल, तुरटी काही घालायची गरज नाही. शौच मऊ राहील असं खाणं आणि पुरेसं पाणी हे हवंच. जेट वापरायचाच तर धार इतकी मंद ठेवा की ती वाहते आहे असं वाटावं, मारली जाते आहे असं नको.

रक्त पडत असेल तर ‘मूळव्याधच असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका. विशेषतः पंचेचाळिशीनंतर, किंवा वजन घटत असेल, शौचाची वेळ व स्वरूप बदललं असेल, तर आधी तपासणी.

आम्ही दोन दिवस बाहेरगावी होतो. जेटची नळी फुटली, घरात घोटाभर पाणी आणि खालच्या शेजाऱ्यांचं पीओपीचं छत गेलं. नळी स्टीलची होती. स्टील फुटतं कसं? (डोंबिवली)

स्टील फुटत नाही, कारण पाणी स्टीलमध्ये नसतंच. बाहेरून दिसतं ते जाळीचं किंवा गुंडाळलेलं आवरण. पाणी आतल्या रबराच्या किंवा पीव्हीसीच्या नळीत असतं. टाकीचा सगळा भार ती आतली नळी आणि दोन टोकांचे नट झेलतात. बाथरूमच्या ओलीत, ॲसिडच्या वाफेत आणि रोजच्या पिळवटण्यात ती नळी दोन-तीन वर्षांत कडक होते, आणि एक दिवस नटाच्या तोंडाशी तडकते. प्लास्टिकचा नट असेल तर तो आधी जातो.

मूळ चूक वेगळीच आहे. जेटचा खटका हा वापरापुरता. पाणी अडवायचं काम अँगल कॉकचं. अँगल कॉक रात्रंदिवस उघडा ठेवणं म्हणजे घराच्या मुख्य दाराला फक्त पडदा लावून गावाला जाणं. प्रत्येक वापरानंतर कॉक बंद आणि खटका दाबून दाब मोकळा. एवढी सवय असली तर नळी फुटली तरी मगभर पाणी सांडेल, त्याहून जास्त नाही.

नवी नळी घेताना हातात वजन करून बघा. दोन्ही नट पितळेचे हवेत, वायसर मऊ हवा. नळी टाइल्सच्या कोपऱ्यावर घासत असेल किंवा हुकापाशी तीव्र वळत असेल तर लांबी बदला. कुठे फुगवटा किंवा जाळीचा तुटका धागा दिसला की त्याच दिवशी नळी बदलायची.

खटक्यातून थेंब थेंब गळत असेल तर आत वाळूचा कण अडकलाय किंवा स्प्रिंगखालचा वायसर झिजलाय. प्लास्टिकच्या तोंडांची दुरुस्ती होत नाही; फक्त तोंड बदला, आपल्याकडे आटे अर्धा इंचाचे, सारखेच असतात. घरात प्रेशर पंप असेल तर हे थेंब महाग पडतात. लाइनमधला दाब उतरतो, पंप मध्यरात्री आपोआप सुरू होतो, दोन मिनिटांत बंद होतो, पुन्हा सुरू होतो. पंप बिघडला म्हणून लोक तो खोलून बसतात आणि गळत असतो जेट.

आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. तळमजल्यावर जेटला महापालिकेची थेट लाइन जोडली आहे, धार छान येते. शेजारी म्हणतात धोकादायक आहे. खरं का? (छत्रपती संभाजीनगर)

शेजारी बरोबर सांगतात, आणि हा या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होत जाते आणि आत ओढ तयार होते. त्यातच रस्त्यावर कुणी लाइनला थेट मोटर लावली असेल तर ती ओढ आणखी वाढते. अशा वेळी तुमचा कॉक उघडा असेल, खटका गळका असेल आणि जेटचं तोंड कमोडमध्ये किंवा घाण पाण्याच्या बादलीत पडलेलं असेल, तर ते पाणी उलट लाइनमध्ये खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की तेच पाणी तुमच्या आणि शेजाऱ्याच्या माठात येतं.

जेट नेहमी गच्चीवरच्या टाकीच्या लाइनवर हवा. टाकीत पाणी वरून मोकळं पडतं, नळाचं तोंड आणि टाकीतलं पाणी यांच्यामध्ये हवा असते. ती हवेची फट हाच सगळ्यात खात्रीचा अडसर. टाकी शक्य नसेल तर थेट लाइनचा जेट काढून टाका, बादली आणि टमरेल वापरा. जेटच्या अँगल कॉकनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवता येतो आणि टाकीच्या लाइनवरही तो असावा, पण त्यात कचरा अडकला की तो अर्धवट उघडा राहतो. म्हणून एकट्या त्याच्या भरवशावर थेट लाइन नको.

जुन्या कमोडमध्ये मागच्या बाजूला घट्ट बसवलेली पितळी नळीची चोच असते, तिला हेच लागू. ती कायम भांड्याच्या आत, कडेच्या खाली असते. वापरण्याआधी दोन-तीन सेकंद पाणी सोडून द्यावं आणि आठवड्याला ब्रशने घासावी. ती काढून बाहेरचा जेट लावला तर आम्ही तुम्हाला अडवणार नाही.

सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर जेटला धारच नाही. पहिल्या मजल्यावर मित्राकडे मात्र अंगाला टोचते. दोघांकडे जेट एकाच कंपनीचा. (कोल्हापूर)

कंपनीचा दोष नाही, उंचीचा आहे. टाकीतलं पाणी दर १० मीटर उंचीला सुमारे १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब देतं. टाकीचा तळ तुमच्या जेटच्या ३ मीटर वर असेल तर तुम्हाला पाव किलोच्या थोडा वर मिळतो. सहा मजले खाली मित्राला दोन किलोच्या वर. जेटला अर्धा ते एक किलो भरपूर झाला. मित्राने कॉक कमी उघडावा, त्याला खर्च काही नाही.

तुम्ही आधी खालच्या गोष्टी बघा. जेट टू-वे अँगल कॉकवर असेल आणि फ्लश टँक भरत असेल तर पाणी दोघांत वाटलं जातं. टँक भरू द्या. कॉकच्या तोंडाशी वाळू साचते, नळीच्या वायसरमध्ये बारीक जाळी असते तीही तुंबते. नळी काढून कॉक बादलीत उघडा: तिथे धार जोरात असेल तर दोष नळीत किंवा तोंडात आहे, तिथेही बारीक असेल तर कॉकमध्ये किंवा लाइनमध्ये. सगळं साफ असूनही धार नसेल तर कमी दाबावर चालणारं, मोठ्या भोकांचं तोंड घ्या. प्रेशर पंप शेवटी, आणि तो सगळ्या बाथरूमसाठी. एका जेटसाठी पंप म्हणजे हौस.

बोअरच्या पाण्याने जेटच्या भोकांवर पांढरे खडे धरतात, धारा वाकड्या तिकड्या जातात. ॲसिड वापरू का? (लातूर)

संडास धुवायचं ॲसिड लावलं तर खडे जातील आणि क्रोमचा मुलामाही जाईल, मग खालचं पितळ हिरवं पडेल. कोमट पाण्याच्या पेलाभर मापात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवा किंवा पांढरं व्हिनेगर घ्या. ते प्लास्टिकच्या पिशवीत ओतून पिशवी जेटच्या तोंडाला रबरबँडने बांधा. अर्ध्या-पाऊण तासाने काढा, जुन्या दातब्रशने घासा, आणि पाणी कमोडमध्ये सोडून धुऊन टाका. क्षार फार असतील तर महिन्यातून एकदा. टोचायचं असेल तर सुई नको, ब्रशचा केस वापरा. सुईने भोक मोठं होतं आणि धार कायमची वाकडी.

ब्लीचिंगच्या पाण्याने कमोड धुतल्यावर लगेच व्हिनेगर किंवा ॲसिड वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बाथरूम बंद असतं.

भाड्याच्या घरात राहतो. कागदाची सवय होत नाही. घरमालकाला न दुखावता जेट लावता येईल का? भारतातून आणलेला चालेल? (न्यू जर्सी)

लावता येतो आणि घर सोडताना काढून नेता येतो. भोक पाडायचं नाही, भिंतीला हात लावायचा नाही. तरी करारात नळकामाबद्दल काही अट आहे का ते आधी वाचा.

तिथे फ्लश टँकच्या खालच्या तोंडाचे आटे ७/८ इंचाचे असतात. त्या मापाचा, जेटसाठी बाजूला अर्धा इंची तोंड असलेला टी-व्हॉल्व्ह मिळतो. धातूचाच घ्या, प्लास्टिकचा तडकतो. भिंतीतला व्हॉल्व्ह बंद करा, फ्लश दाबून धरून टँक रिकामी करा, तळातलं पाणी स्पंजने टिपा, खाली भांडं ठेवा. टँकखालचा नट सोडवा. टी-मध्ये वायसर नीट बसलाय ना ते बघून तो टँकला हाताने आवळा. आवळताना दुसऱ्या हाताने टँकमधला व्हॉल्व्ह आतून धरून ठेवा, नाहीतर तोही फिरतो आणि मग टँकच गळते. जुना पाइप टी-च्या खाली, जेटची नळी बाजूला. जिथे वायसर आहे तिथे टेफ्लॉन टेप लावायचा नसतो. पाणी वायसर अडवतो, आटे नाही. हाताने घट्ट, त्यापुढे पान्ह्याने पाव फेरा, बस. जास्त आवळलं की वायसर कापला जातो. व्हॉल्व्ह उघडून प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू गुंडाळा आणि पंधरा मिनिटांनी ओला डाग पडलाय का बघा. टँकला येणारा पाइप धातूचा ताठ असेल, वाकत नसेल, तर त्या जागी नवा लवचीक पाइप लागेल, कारण टी-मुळे दीड-दोन इंच उंची खर्ची पडते.

भारतातला जेट बसल्यासारखा वाटतो आणि मग झिरपू शकतो. अर्ध्या इंचाला दोन्हीकडे इंचाला १४ आटे, म्हणून तो फिरतो. पण व्यास आणि आट्यांचा कोन वेगळा. कॉक आणि टी तिथलेच घ्या. सामानात जागा उरली तर भाजणी न्या.

हिवाळ्यातलं पाणी फार गार असतं, ही तक्रार खरी आहे. बेसिनखालच्या गरम नळावरून दुसरी नळी आणून मिसळणारा व्हॉल्व्ह लावता येतो. फक्त तो व्हॉल्व्ह उघडा ठेवून खटका बंद ठेवू नका. त्या वेळी गरम आणि गार लाइन आतून जोडलेल्या राहतात आणि गार नळाला कोमट पाणी यायला लागतं.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी: तिथे उलट ओढल्या जाणाऱ्या पाण्याबाबतचे नियम कडक आहेत. हातात धरायचा जेट सर्वांत धोकादायक वर्गात मोजला जातो, साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह त्याला पुरेसा मानत नाहीत. तिथल्या प्लंबरकडूनच काम करून घ्या.

टोकियोहून कायमचा परत येतोय. तिथल्यासारखी, पाण्याने धुणारी विजेची सीट हवी. विकत घेऊन सोबत आणू का? (टोकियो)

आणू नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. सीट थेट लावली तर पहिल्या दिवशी जळेल. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण पाणी क्षणात तापवणाऱ्या सीटला हजार वॉटच्या वर वीज लागते. तेवढा ट्रान्सफॉर्मर बाथरूमच्या ओलीत ठेवणं हा वेडेपणा आहे.

इथे मिळणारी २३० व्होल्टची सीट घ्या आणि घेण्याआधी कमोड मोजा. मागच्या बोल्टच्या भोकांपासून पुढच्या कडेपर्यंत साधारण ४२ सेंटिमीटर भरले तर गोल, ४७ भरले तर लांबट. चौकोनी किंवा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या कमोडवर बहुतेक सीट बसत नाहीत, आणि दुकानदार ते विकून झाल्यावर सांगतो. अर्थिंग असलेला सॉकेट हवा, पाणी उडणार नाही अशा जागी, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) हवाच. बऱ्याच मॉडेलना किमान अर्धा किलो दाब लागतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर तो नसतो, वर कोल्हापूरच्या पत्रात पाहिलंच. बोअरचं पाणी असेल तर आतला हीटर क्षाराने जाम होतो. वीज गेली की सीट म्हणजे नुसतं झाकण, म्हणून शेजारी साधा जेट राहू द्या.

तिथली सवय लागते याचं आश्चर्य नाही. टोटो कंपनीने १९८० मध्ये वॉशलेट ही सीट बाजारात आणली तेव्हा धार किती अंशांच्या कोनात सोडायची यावर बराच खटाटोप केला आणि ४३ अंश ठरवले. शरीरावर आदळलेलं पाणी परत चोचीवर पडू नये म्हणून. पुढच्या भागासाठी वेगळं बटण असतं. पुण्याच्या वाचकाला सांगितलेला पुढचा-मागचा हिशोब तिथे यंत्रात घातलेला आहे. मंद धार, अर्धा मिनिट, तेवढं पुरे. मसाजचं बटण रोज दाबायची वस्तू नाही.

इटलीच्या सहलीत हॉटेलच्या बाथरूममध्ये कमोडशेजारी दुसरं ठेंगणं भांडं होतं. आमच्या ग्रुपने त्यात पाय धुतले. चुकलं का? (दादर)

पाय धुवायला बंदी नाही, तिथलेही धुतात. पण ते बिडे. नाव फ्रेंच, अर्थ तट्टू. घोड्यावर बसावं तसं दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं म्हणून. इटलीत १९७५ च्या एका सरकारी आदेशाने घरातल्या किमान एका बाथरूममध्ये बिडे असणं बंधनकारक आहे. आधी कमोडवर कागदाने पुसून घ्यायचं, मग बिडेवर नळाकडे तोंड करून बसायचं, पाणी हातावर घेऊन कोमट करायचं आणि हाताने धुवायचं. शेजारी टांगलेला छोटा टॉवेल त्यासाठीच असतो. तोंड पुसायला वापरला असेल तर आता विसरा.

आमच्याकडे भारतीय बैठकीचा संडास आहे. जेट लावावा का? (रत्नागिरी)

नळ आणि टमरेल असेल तर काही गरज नाही. जेट लावलात तरी उकिडव्या बैठकीत धार फरशीवर आपटून पायांवर उडते.

वाइप्स आणि टिश्यू कमोडमध्ये टाकले तर चालतात का? (वाशी)

टॉयलेट पेपर पाण्यात विरघळतो, चार-पाच तुकडे चालतात. चेहऱ्याचे टिश्यू, किचन रोल आणि वाइप्स विरघळत नाहीत, पाकिटावर काहीही छापलेलं असो. सेप्टिक टँक असेल तर टॉयलेट पेपरही झाकणाच्या डब्यात. टिपायला सुती रुमाल वापरत असाल तर माणशी वेगळा, आणि रोज धुऊन उन्हात.

गणपतीला दहा दिवस गावी जातो. जेटचं काय करायचं? (बोरिवली)

अँगल कॉक बंद, खटका दाबून नळी रिकामी, जेट हुकावर. बादलीत किंवा कमोडमध्ये लोंबकळत नको. शक्य असेल तर बाथरूमचा मुख्य कॉकही बंद करा. परत आल्यावर पहिलं अर्धा मिनिट पाणी कमोडमध्ये सोडून द्या, कारण नळीत उरलेलं पाणी दहा दिवसांचं शिळं असतं. आणि कॉक बंद होताना कडक लागतोय, पूर्ण फिरत नाही असं वाटलं, तर जायच्या आदल्या रात्री जोर लावू नका. जुन्या कॉकचा आटा भिंतीत तुटतो आणि त्या रात्री प्लंबरही गावाला गेलेला असतो.